वरण-भात-पोळीच्या जेवणात प्रथिनं पुरेशी कशी बसवायची?

कोथरूडकर: आई-बाबा दोघंही साठी ओलांडलेले, वजन प्रत्येकी साधारण ६० किलो. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बाबांना मधुमेह, मेटफॉर्मिन चालू आहे. सकाळी चहा-बिस्किटं, मग पोहे किंवा उपमा. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात. रात्री दोन पोळ्या आणि भाजी. एकादशी-चतुर्थीला साबुदाणा. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं कमी पडतायत. पावडर दोघांनाही नको. फार उलथापालथ न करता काय करता येईल? मापं सांगितलीत तर बरं.

वाटी_चमचा: आधी हिशोब मांडू. राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. आता ताटात किती आहेत? ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत ३ ग्रॅम, चार पोळ्यांचे १२. मूठभर तांदळाच्या भाताचे ४, पोह्यांचे ३, चहातल्या दुधाचे ३, भाज्यांचे फार तर ४. वरणाचे आणखी ४. झाले ३०.

गोम वरणातच आहे. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ जेमतेम १५-२० ग्रॅम असते, बाकी पाणी. एकदा काट्यावर मोजून बघा: माणशी ३० ग्रॅम तूरडाळ घेतली की साडेसहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. हे दोन्ही वेळेला हवं. रात्री वरण नको असेल तर पिठलं करा, माणशी ३० ग्रॅम बेसन. वर २५ ग्रॅम शेंगदाणे (६ ग्रॅम) आणि दूध किंवा दही मिळून २०० मिली (६ ग्रॅम) धरलं की ५० चा आकडा गाठता येतो. मात्र डाळ वाढेल तसा भात कमी करा, नाहीतर नुसत्या कॅलरीज वाढतील. बिस्किटांच्या जागी शेंगदाणे आले तर बाबांच्या साखरेलाही बरं.

पोळी आणि डाळ एकाच जेवणात असण्याला कारण आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यातलं लायसिन गव्हा-तांदळात कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्यात मिळतं. म्हणून रात्रीची नुसती पोळी-भाजी लंगडी पडते.

कोथरूडकर: मनापासून आभार. पण उसळ केली की बाबांना गॅसेस होतात. आणि गव्हात सोयाबीन दळून आणलं तर?

भाजणी: गॅस होतो तो कडधान्यातल्या न पचणाऱ्या शर्करांमुळे. आतड्यातले जंतू त्या आंबवतात. या शर्करा बऱ्याच अंशी भिजवलेल्या पाण्यात उतरतात, म्हणून ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. सुरुवात मुगापासून करा, आठवड्यातून दोनदा, अर्धी वाटी. मग मटकी, मसूर. छोले, राजमा शेवटी. हिंगाची फोडणी असूच दे, पण अर्धवट शिजलेल्या उसळीला हिंग वाचवत नाही.

मटकी आठ तास भिजवून, पूर्ण निथळून फडक्यात बांधा. पाणी राहिलं की चिकट होते आणि आंबूस वास येतो. पुण्याच्या एप्रिलात दहा-बारा तासांत मोड येतात, डिसेंबरात दीड दिवसही लागतो. तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या डब्यात, ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. कच्चे मोड साठीपुढच्या माणसांना देऊ नका. दमट उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. पाच-सात मिनिटं वाफवा.

सोयाबीनबद्दल: पाच किलो गव्हाला अर्धा किलो घातलं तर पोळीमागे जेमतेम पाऊण ग्रॅम वाढतं. वाईट नाही, पण वरण दाट करण्याइतकं कामाचंही नाही. कच्चं दळू नका, त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. खरपूस भाजून गिरणीत द्या. तेलामुळे पीठ लवकर खवट होतं, तेव्हा पंधरा दिवसांपुरतंच दळा. माझं मत, त्यापेक्षा भाजणीचं थालीपीठ आणि दही हा नाश्ता आठवड्यातून दोनदा ठेवा.

तिसरी_शिट्टी: उपासाचं राहिलं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडीत जी काही प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. मधुमेह असताना तर तो टाळलेलाच बरा. भगर आणि दाण्याची आमटी किंवा राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही. शंभर ग्रॅम राजगिऱ्यात १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात.

पोह्यांवर लिंबू पिळता ते छान, त्याने लोह चांगलं शोषलं जातं. पण सोबत चहा घेतला की तो फायदा गेला. तासाभराचं अंतर ठेवा.

तेलाचं माप बाटलीवरून धरा: राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या दिवसभराच्या ताटात माणशी रोज २७ ग्रॅम, म्हणजे दोघांना महिन्याला तूप धरून पावणेदोन लिटर. लोणचं, पापड, मेतकूट यांचं मीठही दिवसाच्या ५ ग्रॅममध्येच मोजायचं.

वाटी_चमचा: एक महत्त्वाचं आधी सांगायला हवं होतं. मधुमेह आहे, तर डाळ वाढवण्यापूर्वी बाबांचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील, वरचा हिशोब लागू होणार नाही.

त्याच वेळी दोघांचं बी-१२ बघा. ते वनस्पतिजन्य अन्नात नसतं, शाकाहाऱ्याला दूध-दह्यातून मिळेल तेवढंच. त्यात मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते आणखी घटू शकतं. पायांना मुंग्या आल्या की लोक साखरेवर ढकलतात, पण कारण बी-१२ चं असू शकतं. कमी निघालं तर ते डाळ-उसळीने भरून निघणार नाही, गोळी किंवा इंजेक्शनच लागेल.