सही एका आकड्यावर, हातात दुसराच : तुमच्या घरातले अनुभव लिहा

कृष्णाकाठची : काल रात्री सासूबाईंना घेऊन मिरजेत दवाखान्यात होते. पहाटे तीनला सिस्टर आली, तळहातावर पेनानं सलाईनच्या वेळा लिहिलेल्या. मावशीच आठवली. तीही असंच लिहायची, घरी येऊन कितीही हात घासले तरी निळं जायचं नाही. तीस वर्षं खाजगीत काढली तिनं. दर महिन्याला रजिस्टरवर सही एका आकड्यावर, पाकिटात त्याच्या निम्मे. हे तिनं आम्हाला सांगितलं ते काम सोडल्यावर. तुमच्याकडे कोणी सिस्टर, आशाताई, सफाईवाले असतील तर लिहा.

विट्याची सून : सासूबाई कशा आहेत आता? डबा लागला तर सांग, माझी बहीण तिथंच राहते.

जतकर : आई आशा आहे. कोरोनात साडीच्या काठाचे मास्क शिवून दारोदार फिरली. 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला, गावानं हार घातला. सरकारच्या लेखी मात्र अजून स्वयंसेविकाच, म्हणून पगार नाही, मानधन. 2024 ला आझाद मैदानावर बसली तेव्हा कुठं राज्यानं 5,000 वाढवले. तेव्हा घरात भाकरी मी थापायचो. पहिली जमली नव्हती, बाबांनी तरी खाल्ली.

विट्याची सून : भाकरीचं वाचून डोळे भरले रे

ब्रदर साताऱ्याचा : 2016 ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून खाजगी दवाखान्यांतल्या सिस्टर-ब्रदरच्या पगारावर समिती बसली होती. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी सिस्टरएवढा पगार, 50 च्या आत असल्या तरी 20,000 च्या खाली नको, असं तिनं सांगितलं. मी 2019 ला 22 खाटांच्या दवाखान्यात 9,500 वर लागलो. वर मूळ सर्टिफिकेटं जमा. सोडायचं तर दोन पगार भरा म्हणाले.

जतकर : मिळाली का परत?

ब्रदर साताऱ्याचा : आठ महिन्यांनी. आता सरकारीत आहे, पण कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी ऑर्डरची वाट बघायची. निघतो, नाइट आहे.

गावभाग : 2019 च्या पुरानंतर आमच्या घरात गुडघाभर गाळ. सफाईच्या एका मावशींनी माझ्यासोबत दोन दिवस उपसला. हातमोजे आमच्या घरातलेच दिले, त्यांना मिळालेच नव्हते.

कृष्णाकाठची : ताप उतरलाय सासूबाईंचा. विट्याची सून, डबा चालेल गं, दोन माणसांचा पाठव. सिस्टरनं संध्याकाळपासून काही खाल्लेलं नाही.