मदत हवी आहे: नक्षीदार पण खरोखर मऊ चादर कशी ओळखायची?
डबल बेडसाठी नक्षीदार चादर आणि उशांचे अभ्रे घ्यायचेत. पॉलिस्टरची भेसळ अजिबात नको. सुती साटीन हाताला गुळगुळीत लागतं, परकेल, म्हणजे साध्या घट्ट विणीचं सुती कापड, सुरुवातीला जरा कडक. लिनन धुण्यागणिक मऊ होतं म्हणे, पण तोवर धीर कोण धरणार! ८०० थ्रेड काउंटला (चौरस इंचातल्या धाग्यांच्या संख्येला) मी भुलत नाही, पिळातले पदर सुटे मोजून तो आकडा फुगवता येतो.

खरी अडचण छपाईची. मागची चादर पिगमेंट छपाईची, म्हणजे रंग कापडावर वरून चिकटवलेली निघाली. फुलं होती तेवढाच भाग खरखरीत. रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्यातच मुरतो, म्हणून कापड मऊ राहतं. पण घेण्याआधी हे ओळखायचं कसं? नुसता हात फिरवून कळतं का? की सरळ विणीतलीच नक्षी, म्हणजे जॅकार्ड घ्यावं? वापरलेल्यांनी सांगा ना.