मदत हवी आहे : मातीच्या ओलाव्याचा सेन्सर ४०९५ वरच अडकलाय

डाळिंबवाला :
नमस्कार मंडळी, सांगोल्याला बाग आहे, ठिबकचा व्हॉल्व्ह ओलाव्याप्रमाणे आपोआप चालू-बंद करायचाय म्हणून कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला. टेबलावर मस्त चालत होता, पाण्यात बुडवला की आकडा धाडकन खाली यायचा, आणि आता सगळं एकत्र जोडलं तर नुसतं ४०९५. मातीत घाला, पाण्यात घाला, हातात धरा, ४०९५च. सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, तेच. रविवारी गावी जाऊन बसवायचंय, विहिरीत पाणी कमी आहे, लवकर सांगा.

खटपट्या :
बोर्ड कुठला? पिन कुठली? कोड टाका.

डाळिंबवाला :
आर्डुइनो. कोडमध्ये काही नाही हो, पिनेवरचा आकडा वाचणारं साधं अ‍ॅनालॉगरीड आहे.

माळरान :
हे सेन्सर सोडा, टेन्शिओमीटर बसवा. खाली सिरॅमिकचा कप, वर गेज, वीज लागत नाही. आमच्या द्राक्षाला तोच आहे.

खटपट्या :
काका, त्यांनी ते विचारलं नाहीये. डाळिंबवाले, नेहमीचा आर्डुइनो बोर्ड म्हणजे युनो, त्याचा एडीसी (पिनेवरच्या व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, त्याचा आकडा १०२३ च्या वर जाऊच शकत नाही. तुमच्याकडे ४०९५ येतंय म्हणजे तो युनो नाही. बोर्डावर काय छापलंय ते वाचा.

डाळिंबवाला :
ईएसपी३२ बोर्ड आहे, आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून (आयडीई) प्रोग्रॅम करतो म्हणून तसं लिहिलं. सेन्सर पिन ४ ला.

पाचव्होल्ट :
सेन्सरवरची ५५५ टायमर चिप बघा. स्वस्तातल्या बऱ्याच सेन्सरवर एनई५५५ असते, तिला किमान साडेचार व्होल्ट लागतात, ३.३ वर ती नीट चालत नाही. टीएलसी५५५ असेल तरच ३.३ ठीक. सरळ ५ व्होल्ट द्या.

खटपट्या :
आणि आउटपुट जास्त आलं तर? ईएसपीची पिन ३.३ चीच आहे, जळेल. शिवाय टेबलावर चालत होता ना, मग चिप खराब कशी?

पाचव्होल्ट :
सेन्सरवर व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर असेल तर काही जळत नाही, मी वर्षानुवर्षं असंच चालवतोय.

खटपट्या :
असेल तर. नसतो काहींवर, तेच म्हणतोय.

रात्रपाळी :
ते राहू द्या. डाळिंबवाले, "सगळं एकत्र जोडलं" म्हणजे नक्की काय काय वाढवलं?

डाळिंबवाला :
व्हॉल्व्ह चालू-बंद करायला रिले (विजेवर चालणारा स्विच), आणि मोबाईलवर आकडे दिसावेत म्हणून वायफाय. पण वायफाय झटकन कनेक्ट होतंय, त्याचा सेन्सरशी काय संबंध?

रात्रपाळी :
तिथेच घोळ आहे. ईएसपी३२ मध्ये १२ बिटचे एडीसी दोन, ४०९५ हा त्यांचा सगळ्यात वरचा आकडा. त्यातला दुसरा एडीसी वायफाय स्वतःच्या कामाला घेतं. ०, २, ४, १२ ते १५ आणि २५ ते २७ या पिना त्या दुसऱ्यावर आहेत, वायफाय चालू असताना त्यांच्यावर अ‍ॅनालॉग रीडिंगचा भरवसा नाही. सेन्सर ३४ ला लावा, ती पहिल्या एडीसीची पिन आहे. ती फक्त इनपुटची आहे, रिले चुकूनही तिच्यावर नको.

भटक्या :
सोलरवर चालवणार का? किती वॅटचं पॅनेल घेताय?

डाळिंबवाला :
चाललं! ३४ वर वायफाय चालू ठेवून हवेत २८०० च्या आसपास येतंय, पाण्यात १२०० च्या. रात्रपाळी, लई उपकार झाले. आता व्हॉल्व्ह किती आकड्याला उघडू?

माळरान :
तो आकडा दुसऱ्या कुणाचा घेऊ नका, तुमच्याच मातीत काढा. भरपूर पाणी द्या, जादा पाणी निथरून वाफसा आला की आकडा लिहून ठेवा, माती सुकत जाईल तसा रोज बघा. काळी जमीन असेल तर सुकल्यावर भेगा पडतात, सेन्सरभोवती हवा शिरली की तो उगाच कोरडं दाखवतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. डाळिंबाला एकदम जास्त पाणी झालं की फळ तडकतं, म्हणून व्हॉल्व्हला वेळेची मर्यादा कोडमध्येच घाला. आणि सेन्सर रेघेच्या वर पुरू नका.

डाळिंबवाला :
रेघ कुठली?

खटपट्या :
सेन्सरवर आडवी पांढरी छापलेली असते ती. तिच्या वरच्या चिपा उघड्या आहेत, त्यांच्यावर आणि पट्टीच्या कडांवर नेलपॉलिश किंवा इपॉक्सी फासा, नाहीतर कडेतून ओल शिरते.