मदत हवी आहे: माणसाचा आणि कीटकांचा पर्यावरणावरील परिणाम कोणत्या मापाने तोलावा?

नमस्कार.

शाळेतील मुलांच्या एका वादविवादासाठी मी मुद्दे काढून देत आहे. ‘पृथ्वीचे रूप कोणी अधिक बदलले, माणसाने की कीटकांनी?’ असा विषय आहे. उत्तर उघडच आहे, अशा समजुतीत मी होतो; परंतु कीटकांची बाजू घेतलेल्या मुलीने पहिल्याच बैठकीत मला निरुत्तर केले, आणि तेव्हापासून ही तुलना मुळात कशाने मोजायची यावरच मी अडलो आहे.

तिचा पहिला मुद्दा वजनाचा होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार साऱ्या माणसांच्या शरीरांत मिळून सुमारे ६ कोटी टन कार्बन आहे, तर जमिनीवरील संधिपाद प्राण्यांत, म्हणजे कीटक, कोळी वगैरेंत, सुमारे २० कोटी टन. हा मुद्दा मी फारसा मनावर घेतला नाही, कारण शरीराचे वजन म्हणजे परिणाम नव्हे.

दुसरा मुद्दा मात्र जड गेला. ईशान्य ब्राझीलच्या काटेरी जंगलांत वाळवीने उभारलेले मातीचे सुमारे २० कोटी ढिगारे आहेत. प्रत्येक ढिगारा साधारण अडीच मीटर उंच आणि नऊ मीटर रुंद असून, त्यांनी व्यापलेला प्रदेश जवळजवळ ग्रेट ब्रिटनएवढा भरतो. त्यांतील काहींचे वय ४,००० वर्षांच्या आसपास निघाले आहे. गंमत म्हणजे ही वारुळे नव्हेतच. जमिनीखाली बोगदे खणताना निघालेली माती तेवढी वर आणून टाकलेली आहे. फरशीच्या सांधीतून मुंग्यांनी वर काढलेली माती मी एकदा बोटाने सारली होती, तर दुसऱ्या सकाळी तशीच ओलसर, दाणेदार माती पुन्हा रचलेली दिसली. त्या चिकाटीला चार हजार वर्षे मिळाली तर काय होते, याचे उत्तर ब्राझीलमध्ये उभे आहे.

यावर माझा युक्तिवाद असा आहे की, परिणाम किती मोठा यापेक्षा तो किती वेगाने होतो आणि त्यासाठी लागणारा कार्बन कोठून येतो, हे पाहावे. वाळवीच्या पोटातूनही मिथेन निघतो, पण तो जगातील एकूण मिथेनच्या काही टक्केच असतो आणि ज्या लाकडा-गवतापासून तो तयार होतो त्यांनी आपला कार्बन अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. माणूस मात्र कोट्यवधी वर्षे गाडलेला कोळसा आणि तेल जाळून दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. तेवढ्या वेगाशी जुळवून घ्यायला माती, समुद्र आणि जंगले यांना उसंत मिळत नाही. इथपर्यंत मला माझी बाजू पक्की वाटते.

अडचण पुढे आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात जेमतेम पाच मिलिमीटर लांबीच्या एका भुंगेऱ्याने कोट्यवधी पाइन वृक्ष मारले, आणि कार्बन शोषणारे ते जंगलच काही काळ कार्बन सोडू लागले. हा भुंगेरा तेथलाच, जुना रहिवासी आहे. पूर्वी कडाक्याच्या थंडीत सालीखालील त्याच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य झाल्यावर त्या तगू लागल्या. शिवाय वणवे वर्षानुवर्षे विझवत राहिल्यामुळे त्याला हवी तशी जून झाडेही मुबलक उरली होती. मग हे नुकसान कोणाच्या खात्यावर मांडायचे? ते सगळे माणसाच्या नावे टाकले, तर कीटकांचा कोणताही उपद्रव शेवटी आपल्याच अंगावर येईल आणि तुलनेला अर्थ उरणार नाही. भुंगेऱ्याच्या नावे टाकले, तर ते सरळसरळ अन्यायाचे होईल.

परागीभवनासारखे उपकार या हिशेबातून वजा करावेत का, हाही प्रश्न आहे; पण ‘कोणावाचून अडेल’ हा वेगळा वाद असल्याने मी तो सध्या बाजूला ठेवणार आहे. यात माझे चुकत असल्यास जरूर सांगावे.

परिसंस्थाशास्त्राच्या जाणकारांना विनंती की, अशा मिश्र कारणांची विभागणी करण्याची एखादी रूढ पद्धत असल्यास ती बारा वर्षांच्या मुलांना कळेल अशा शब्दांत समजावून द्यावी. सगळे जमले नाही तरी निदान भुंगेऱ्याचे काय करावे ते सांगा, कारण पुढच्या बैठकीत ती मुलगी नेमके तेच विचारणार आहे.