जैसलमेरला गाडी रेल्वेनं न्यायची की कोल्हापुरातूनच चालवत जायचं?

कळंबा रायडर

जानेवारीत आम्ही चौघं थरच्या वाळवंटात निघतोय. जैसलमेर, तिथून समच्या वाळूच्या टेकड्या, सीमेजवळचं लोंगेवाला आणि तनोट, परतताना बाडमेर. चार मोटरसायकली: दोन क्लासिक ३५०, एक हिमालयन, एक पल्सर. रजा जेमतेम दहा दिवसांची. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढच्या एका मुद्द्यावर मात्र रोज रात्री रंकाळ्यावर बसून वाद चाललाय, म्हणून तुमच्यापुढं ठेवतो.

माझं म्हणणं असं, की गाड्या रेल्वेनं अहमदाबादला न्याव्यात आणि तिथून पुढं चालवाव्यात. कोल्हापूर ते जैसलमेर साधारण साडेचौदाशे किलोमीटर. रोज पाचशेच्या आसपास अंतर कापलं तरी जायला तीन दिवस, यायला तीन. ज्या वाळवंटासाठी एवढा खटाटोप करायचा, त्याच्या वाट्याला उरतात चार. आणि हे सहा दिवस कुठं जातात? पुणे, ठाणे, वापी, सुरत, भरूच, सगळं ट्रकच्या मागं. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे दुचाकीला बंद, म्हणून खंडाळ्याचा जुना रस्ता. अहमदाबाद-वडोदरा एक्स्प्रेसवेही बंद. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर अडकलं की अर्धा दिवस हातचा गेला. एवढं करून अंग आंबलेलं असताना वाळूत गाडी घालायची, हे मला पटत नाही.

कोल्हापूरहून अहमदाबादला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. तिथून जैसलमेर साडेपाचशे किलोमीटरच्या आत. 'रेल्वेनं नेली तर ती कसली राइड' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, वापीच्या ट्रकचा धूर खाल्ला नाही म्हणून तनोटचा रस्ता खोटा ठरतो का?

शाहूपुरी ३५०

या चौघांतला एक मीच, त्यामुळं उत्तर द्यायला पाहिजे. खोटा ठरत नाही भावा, पण अर्धा राहतो.

आपण उसातून निघणार. कऱ्हाड-साताऱ्यापर्यंत दोन्ही बाजूला हिरवं. मग नाशिककडं द्राक्षाच्या बागा, सापुताऱ्याला डांगचं जंगल, खाली गुजरातची सपाटी, डीसाच्या आसपास बटाट्याची शेतं, आणि सांचोर ओलांडलं की झाडं बुटकी व्हायला लागतात, मातीचा रंग फिका पडतो, गावं लांब-लांब जातात. पाऊस कमी होत जातो म्हणजे काय होतं, हे गाडीवर बसूनच कळतं. रेल्वेच्या खिडकीतून रात्री झोपेत हे सगळं निघून जाईल.

आणि ठाण्याला जायचंच कशाला? पुण्यातून नाशिक, सापुतारा, मग गुजरात. वेळ थोडा जास्त लागेल, पण मुंबईची कटकट टळते. तू मोजलेला सगळा त्रास एका रस्त्याचा आहे, सगळ्या रस्त्यांचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चौघं मिळून कधी एवढं लांब गेलेलो नाही. कुणाचं सामान सैल बांधलंय, कोण पेट्रोल संपत आलं तरी बोलत नाही, कुणाला जेवणानंतर झोप येते, हे पहिल्या दोन दिवसांत उघडं पडू दे. ते साताऱ्यात कळलं तर दुकान समोर असतं. तनोटच्या वाटेवर कळलं तर काय करणार?

शिवाय आठवड्यातून एकदाच गाडी. त्या दिवशी पार्सलच्या डब्यात जागा मिळाली नाही, की तुझ्या दहा दिवसांचं गणित तिथंच मोडलं.

उद्यमनगर फिटर

रेल्वेनं न्या नाहीतर चालवत न्या, मला दोन्ही चालतंय. पण दोन्हीकडं तयारी येगळी, आणि ती कुणी बोलंना म्हणून लिहितो.

रेल्वेला द्यायची तर टाकी पूर्ण रिकामी लागते. आरसे काढून पिशवीत घ्या. क्लच-ब्रेकच्या लिव्हरला, टाकीला आणि सायलेन्सरला गोणपाट चांगलं गुंडाळून घ्या, चढवताना-उतरवताना मार तिथंच बसतोय. आरसी, विमा, ओळखपत्र यांच्या झेरॉक्स जास्तीच्या ठेवा आणि गाडी सुटायच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसला पोचा. उतरल्यावर पंपापर्यंत ढकलत न्यायची तयारी ठेवा.

चालवत न्यायची तर निघायच्या आधी चेन-स्प्रॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) बघून घ्या, अर्धं झिजलेलं असंल तर इथंच बदला. क्लच केबल नवी आणून जुनीच्या शेजारनं ओढून ठेवा, दोन्ही टोकांना टेप मारा. जुनी तुटली तर फक्त टोकं बदलायची, टाकी खोलायची गरज न्हाई. ह्ये काम घरात बसून निवांत करायचं हाय, रस्त्याकडंला उन्हात न्हाई.

क्लासिकची स्पोकची चाकं असतील तर आत ट्यूब आहे. पंक्चर काढायला चाक खोलावं लागतंय. चौघांतल्या एकाला तरी मागचं चाक काढून परत बसवता आलंच पायजे. माझ्याकडं या, एका रविवारी शिकवतो.

आणि वाळूत चेनला तेल चोपडू नका. वाळू चिकटते आणि तेलात कालवून पॉलिश पेपरसारखी घासत राहते. थोडंच लावायचं, पुसून घ्यायचं. एअर फिल्टर परत आल्यावर आधी काढून बघायचा.

मुक्ता, राजारामपुरी

रेल्वेच्या बाजूनं माझं मत, पण कारण कुणी बोललेलं नाही.

या राइडमधला सगळ्यात धोक्याचा तुकडा राजस्थानात नाही, आपल्या दारात आहे. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम भरात. सगळे रायडर पहाटे चार-पाचला निघतात. त्या वेळी किणी, पेठ नाका, कऱ्हाड या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक जोडलेल्या, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. त्यात कागल-सातारा सहापदरीकरणाचे डायव्हर्जन. काळोखात काळा ऊस, हेडलाइट पडेपर्यंत दिसत नाही. उजाडल्यावर निघा. तुमचा पहिला मुक्काम शंभर किलोमीटर अलीकडं आला तरी चालेल.

आणि तारखा ठरवल्यात का? १४ आणि १५ जानेवारीला गुजरातेत उत्तरायण. अख्खं अहमदाबाद गच्चीवर पतंग उडवत असतं आणि मांजा रस्त्यावर गळ्याच्या उंचीला आडवा येतो. तिथले दुचाकीवाले हँडलला तारेची कमान लावून फिरतात, ती उगीच नाही. रेल्वेनं जा किंवा चालवत जा, त्या आठवड्यात अहमदाबाद नको. विसाव्या तारखेनंतर निघा.

वाळूबद्दल. सगळे सम-च्या टेकड्यांना घाबरतात, तिथं तर माणूस सावध असतो. पडायला होतं ते डांबरावर. जैसलमेरच्या पुढं वारा वाहता असला की रस्त्यावर वाळूचा पातळ थर येऊन बसतो, बहुतेक वळणाच्या आतल्या बाजूला. लांबून तो नुसता फिकट डाग वाटतो. पुढचं चाक त्यावर गेलं की हँडल क्षणभर हलकं लागतं, आणि नेमकं तेव्हाच हात पुढच्या ब्रेककडं जातो. तो ब्रेक दाबायचा नाही. गाडी सरळ करायची, थ्रॉटल तसाच ठेवायचा, पलीकडं गेल्यावर काय ते. हे डोकं ताजं असताना सुचतं. तीन दिवस रोज पाचशे किलोमीटर मारून आलेल्या माणसाला सुचेलच असं नाही. म्हणून रेल्वे.

सैनिक टाकळीकर

वडील सीमेवर नोकरीला होते, त्यामुळं त्या भागाविषयी घरात ऐकतच मोठा झालो. तुम्ही वाद घालताय रस्त्यावर. मला काळजी आहे ती तुम्ही लोंगेवाला अर्ध्या तासात उरकाल याची.

४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथं पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनची एक कंपनी, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली, पाकिस्तानच्या रणगाड्यांसमोर रात्रभर उभी होती. उजाडल्यावर जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमानं आली आणि रणगाडे उघड्या वाळूत सापडले. ती जागा उघडी कशी, हे तिथं उभं राहून चहूबाजूला बघितल्याशिवाय कळत नाही. आडोसा म्हणून काही नाही. तिथून पुढं तनोट. तिथल्या देवळाची व्यवस्था बीएसएफ, म्हणजे सीमा सुरक्षा दल बघतं, आवारात पडलेले पण न फुटलेले बॉम्बगोळे ठेवलेत.

जैसलमेर ते तनोट साधारण सव्वाशे किलोमीटर. टाकी जैसलमेरलाच गच्च भरा. मूळ ओळखपत्र जवळ असू द्या. २६ जानेवारीच्या आसपास सीमेकडं तपासणी कडक असते, तेव्हा वेळ धरून चला. आणि रात्रीची थंडी हलक्यात घेऊ नका. दिवसा जॅकेट काढावंसं वाटतं, रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो.

माझं मत चालवत जायचं. रजा कमी असेल तर सम सोडा. तंबू, उंट, मोठ्या आवाजातली गाणी, त्यात वाळवंट कुठं आहे?

माळढोक

सम सोडा, हे मलाही म्हणायचं होतं, पण वेगळ्या कारणानं.

सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. आपल्याकडं तो पक्षी जवळपास संपला. देशात जे थोडे उरलेत, त्यातले बहुतेक जैसलमेरच्या याच टापूत आहेत. तिथलं मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. विजेच्या तारांना धडकून एवढे मरायला लागले, की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं.

तुम्हाला जी नुसती वाळू दिसते, ती सेवण गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. चाकानं गवत उखडलं की ती मोकळी होते आणि कोरड्या मुलखात पुन्हा धरायला वर्षं जातात. तिथं ओरण असतात, आपल्या देवराया तशी देवाच्या नावानं राखलेली कुरणं. राधानगरी-आंबोलीच्या देवराईत आपण बुलेट घालू का? मग तिथंही नको. डांबरी आणि मळलेल्या वाटांवर गाडी चालवा. टेकडीवर चालत चढा.

कळंबा रायडर

माळढोक, तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. सम-ला रोज शेकडो जीप टेकड्यांवर धावतात, तिथं एका मोटरसायकलनं आणखी काय बिघडणार?

माळढोक

जीप धावतात तिथली जमीन गेलीच आहे. पण रायडर तिथं थांबत नाहीत. गर्दी नको म्हणून ते न मळलेली टेकडी शोधतात, मग व्हिडिओ टाकतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच टेकडीवर आणखी दहा जण येतात. माझा आक्षेप त्याला आहे.

गंगावेस

दहा दिवसांत थर कशाला? कच्छला जा की. पांढऱ्या रणाचा परवाना काढायचा, मग खावडा ते धोळावीरा रस्ता, दोन्ही बाजूला मीठ. धोळावीरा २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. अंतर कमी, चालवत जाऊन यायला आरामात जमेल, तुमचा वादच मिटेल. फक्त मिठावर गाडी उतरवू नका, वरचा पापुद्रा कडक आणि खाली चिखल असतो.

कळंबा रायडर

कच्छ पुढच्या हिवाळ्यात. यंदा तनोट ठरलंय, ते बदलणार नाही.

सगळं वाचून ठरवलं ते असं. २० तारखेनंतर निघायचं. समचा मुक्काम रद्द, तो दिवस लोंगेवाला-तनोटला. टेकड्यांवर गाडी नाही. रविवारी फिटरदादांकडं चाक खोलायला येतो, चौघंही. पण रेल्वेचं माझं मत कायम आहे. मुक्ताताईंनी सांगितलेली ती वळणावरची वाळू वाचल्यावर तर जास्तच. तिघांच्या गाड्या पार्सलनं जातील.

शाहूपुरी ३५०

तिघांच्या म्हणजे माझी धरलेली नाही, बरं केलंस. मी रजा दोन दिवस आधीपासून टाकलीय. उजाडल्यावर निघेन, नाशिक-सापुताऱ्यानं येईन, सांचोरला तुम्हाला गाठेन. परतीला तुम्ही तिघं काय करणार ते आत्ताच सांग, कारण अहमदाबादची ती गाडी परतीलाही आठवड्यातून एकदाच आहे आणि तुझ्या आराखड्यात मला तो दिवस कुठं दिसला नाही.