पीडी-१ दिसणारी प्रत्येक टी-पेशी थकलेलीच समजायची का?

सुमेधा, नांदेड

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. टी-पेशी म्हणजे संसर्ग व कर्करोगाशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी; त्यांच्यावरचा पीडी-१ हा लगामासारखा रिसेप्टर त्या थकल्याची, म्हणजे लांबलेल्या लढ्यात निकामी होत चालल्याची, खूण म्हणून आम्हाला शिकवला जातो. मात्र फ्लो सायटोमेट्रीच्या (एकेका पेशीवरील रेणू मोजणाऱ्या तंत्राच्या) आलेखांत, निरोगी रक्तातून घेऊन नुकत्याच उत्तेजित केलेल्या टी-पेशींवरही तो ठळक दिसला आणि त्या पेशी तर जोमाने विभाजित होत होत्या. मग त्यांना थकलेल्या कसे म्हणायचे? शिवाय टी-पेशींना आवरणारा सीटीएलए-४ हा रिसेप्टर असताना शरीराला दुसऱ्या लगामाची गरज का पडावी?

अनिरुद्ध, छत्रपती संभाजीनगर

सुमेधाताई, शंका रास्त आहे. त्या पेशींना थकलेल्या म्हणू नये. टी-पेशीने प्रतिजन (विषाणू, गाठ इत्यादींची ओळख पटवणारा रेणू) ओळखले की लवकरच तिच्यावर पीडी-१ येतो, म्हणजे तो आधी सक्रियतेची खूण आहे. संसर्ग आटोपला की तो उतरतो. प्रतिजन हटतच नाही, जसे जुनाट विषाणुसंसर्गात किंवा कर्करोगाच्या गाठीत होते, तेव्हा तो चढलेलाच राहतो, जोडीला लॅग-३ व टिम-३ हे आवर घालणारे आणखी रिसेप्टर येतात आणि टॉक्स या प्रथिनाच्या प्रभावाखाली कोणती जनुके चालू राहणार याची घडीच बदलते. त्यामुळे पेशी सायटोकाइन (इतर पेशींना संदेश देणारी प्रथिने) किती बनवते हे तपासल्याशिवाय थकव्याचा निष्कर्ष काढू नका.

दोन लगामांची कामे वेगळी आहेत. सीटीएलए-४ मुख्यतः लसिकाग्रंथींत, पेशी पहिल्यांदा जागी होताना, आड येतो. टी-पेशीवरचा सीडी२८ हा चालना देणारा रिसेप्टर समोरच्या पेशीवरील ज्या सीडी८० व सीडी८६ रेणूंना धरून जागे होण्यासाठी लागणारा दुसरा संकेत मिळवतो, त्यांनाच सीटीएलए-४ कितीतरी घट्ट धरतो, एवढेच नव्हे तर समोरच्या पेशीवरून ते ओढून आत नेतो. हा रिसेप्टर नसलेले उंदीर तीन-चार आठवड्यांतच दगावतात. पीडी-१ चा कारभार प्रामुख्याने ऊतींमधला आहे: पीडी-एल१ हा त्याचा जोडीदार रेणू भेटताच त्याच्या पेशीआतील टोकाशी एसएचपी-२ हे विकर जोडले जाते आणि टी-सेल रिसेप्टर व सीडी२८ यांच्या संकेतसाखळीतील फॉस्फेट काढून टाकते. पीडी-१ नसलेल्या उंदरांत आजार उशिरा आणि वाणागणिक निराळा उमटतो. कुठे ल्यूपससारखा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा), कुठे हृदयाचा.

संशोधक विद्यार्थी, परभणी

अनिरुद्ध सरांच्या उत्तराला एक जोड देतो. पीडी-१ रोखणाऱ्या औषधाने पुन्हा वाढतात त्या बहुतांशी टीसीएफ-१ (पुन्हा वाढण्याची क्षमता राखणारे प्रथिन) टिकवून असलेल्या पेशी. पुरत्या थकलेल्या पेशी फारशा सावरत नाहीत. जमल्यास पुढच्या पॅनेलमध्ये (एकत्र तपासायच्या खुणांच्या संचात) टीसीएफ-१ घ्यावा.

कर्करोगतज्ज्ञ, लातूर

तंबाखू-गुटख्यामुळे आपल्या भागात तोंडाचा कर्करोग फार आहे, म्हणून रुग्णांच्या बाजूने लिहिते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील चाचणीत, पुढच्या टप्प्यातील डोके-मानेच्या कर्करोगात, तोंडावाटे घ्यायच्या औषधांना तीन आठवड्यांतून एकदा पीडी-१ रोखणाऱ्या निव्होलुमॅबच्या फक्त २० मिलिग्रॅमची जोड दिली, तेव्हा वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

पण लगाम सैल केला की टी-पेशी आतडे, फुप्फुस, थायरॉईड यांवरही उलटू शकतात, आणि तेही शेवटच्या डोसनंतर कित्येक आठवड्यांनी. रुग्ण तोवर गावी गेलेला असतो. जुलाब लागले की खाण्यातून बाधा झाली असे समजून प्रतिजैविके दिली जातात, प्रत्यक्षात गरज स्टेरॉईडची असू शकते. म्हणून औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख असलेला कागद रुग्णाने गावच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच दाखवावा, आणि डॉक्टरांनी उपचार ठरवण्याआधी आम्हाला फोन करावा.