परत फिरायचं कसं? ओंडकाच गेला!

एकांनी विचारलंय की आर्थर कॉनन डॉयलच्या 'द लॉस्ट वर्ल्ड' कादंबरीत दुर्गम पठारावर गेलेली मंडळी डायनासोर दिसल्यावर तडक परत का फिरत नाहीत. अहो, फिरणार कशी? पठाराशेजारच्या सुळक्यावरचं झाड पाडून त्याच्या ओंडक्यावरून ती पठारावर गेली आणि जुना सूड उगवायला त्यांच्याच गोमेझ नावाच्या नोकराने तो ओंडकाच दरीत लोटला. मग काट्यांचं कुंपण घालून राहायचं, दुसरं काय!

मला सगळ्यात आवडते ती रात्र. कुंपणाबाहेर काहीतरी दबा धरून बसलंय, शेकोटी विझत आलीये. मंडळींतला शिकारी लॉर्ड जॉन बंदूक चालवत नाही, जळकी फांदी उचलून सरळ त्याच्या तोंडावर हाणतो. उजेडात दिसतं ते बेडकासारखं चामखिळी थोबाड, रक्ताने माखलेलं. शिकारी शोभतो खरा. (सोबतचे प्रोफेसर लोक तेवढ्यातही वाद घालतील, ते सोडा.)

कादंबरी १९१२ची. दक्षिण अमेरिकेतल्या ज्या रोराइमावरून ती सुचली म्हणतात, तो २,८१० मीटरचा डोंगर १८८४मध्येच सर झाला होता. वर डायनासोर नाहीत. जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा काळा बेडूक आहे, त्याला उडीही मारता येत नाही. धोका दिसला की अंग आखडून गोटीसारखा घरंगळतो.